जुन्या संगणकाचे नेटवर्क कार्ड मंद का चालते? कारणे, तपासणी आणि उपाय

संगणकाला स्थानिक नेटवर्कशी किंवा इंटरनेटशी जोडणाऱ्या भागाला नेटवर्क कार्ड म्हणतात. जुन्या संगणकात हे कार्ड मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये वेगळे बसवलेले असते. गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक संगणकांत त्याची चिप मदरबोर्डवरच असते आणि मागच्या बाजूला फक्त केबलचे पोर्ट दिसते. फाइल कॉपी व्हायला फार वेळ लागू लागला किंवा वेबसाइट रेंगाळू लागल्या की दोष आधी इंटरनेट कंपनीवर आणि मग थेट संगणकावर टाकला जातो. पण अडथळा बऱ्याचदा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो शोधायला फारसा खर्च येत नाही.

हा प्रश्न कुठे आणि का महत्त्वाचा ठरतो?

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान आहे. गोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते आणि म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’शी या गावाचे नाव जोडलेले आहे. २०२४ मध्ये सुरू झालेले मराठी भाषा विद्यापीठही येथेच आहे. महानुभावांच्या पोथ्या हाताने लिहिलेल्या असून त्यांपैकी अनेक सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत आहेत. अशी पोथी वाचणारा अभ्यासक एका गावात आणि पोथी दुसऱ्या गावात असते. त्यामुळे पोथीचे पान स्कॅन करणे, ते जपून ठेवणे आणि दुसऱ्या संगणकावर पाठवणे ही कामे नेटवर्कवर अवलंबून असतात.

ए४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयला, रंगीत आणि न दाबता स्कॅन केले, तर फाइल साधारण २६ मेगाबाइटची होते. शंभर पानांचे २,६०० मेगाबाइट होतात. एवढा डेटा शेजारच्या संगणकावर पाठवायला लागणारा वेळ जोडणीच्या वेगानुसार असा बदलतो:

- १० एमबीपीएस जोडणी: सुमारे ४० मिनिटे
- १०० एमबीपीएस जोडणी: सुमारे ४ मिनिटे
- १,००० एमबीपीएस, म्हणजे गिगाबिट जोडणी: अर्ध्या मिनिटाच्या आत, पण दोन्हीकडच्या डिस्क तेवढ्या वेगवान असतील तरच

म्हणजे काम तेच, संगणक तेच, फरक फक्त जोडणीचा. चार मिनिटांचे काम चाळीस मिनिटे घेऊ लागले की लोक ते करणेच टाळतात. फाइली एकाच संगणकावर पडून राहतात आणि तो बंद पडला की त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. शाळा, वाचनालय, ग्रामपंचायत किंवा आपले सरकार सेवा केंद्र यांच्या बाबतीतही हेच घडते. तिथे प्रश्न पोथीचा नसतो, दाखल्याचा किंवा रांगेत उभ्या माणसाचा असतो.

आधी वेगाचे एकक समजून घ्यावे

नेटवर्कचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट जाऊ शकतात. प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि तपासणीची माहिती लावावी लागते, तिचा भार वजा केला की हाती साधारण ११ ते ११.५ मेगाबाइट येतात. कॉपीच्या खिडकीत सेकंदाला ११ मेगाबाइट दिसत असतील, तर १०० एमबीपीएसचे कार्ड अगदी व्यवस्थित चालले आहे. तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

दुसरा फरक इंटरनेट आणि स्थानिक नेटवर्क यांतला आहे. भारतनेटची किंवा खासगी कंपनीची फायबर जोडणी गावात किती वेगाने आली, हा एक प्रश्न. त्याच खोलीतल्या दोन संगणकांमध्ये डेटा किती वेगाने जातो, हा दुसरा. राउटरपर्यंतचा रस्ता मोकळा असूनही इंटरनेट मंद असेल तर कार्ड बदलून काही होणार नाही. याउलट इंटरनेट योजना २०० एमबीपीएसची घेतली आणि संगणकात १०० एमबीपीएसचे कार्ड असले, तर त्या संगणकावर निम्माही वेग दिसणार नाही.

डेटा कोणत्या वाटेने जातो?

एका संगणकाच्या डिस्कवरची फाइल दुसऱ्या संगणकाच्या डिस्कवर जाताना ती क्रमाने या टप्प्यांतून जाते: डिस्क, मेमरी आणि प्रोसेसर, मदरबोर्डवरची बस, नेटवर्क कार्ड, केबल, स्विच किंवा राउटर, पुन्हा केबल, आणि मग समोरच्या संगणकात हेच टप्पे उलट क्रमाने. सगळ्यांचा मिळून वेग सर्वांत अरुंद टप्प्याएवढाच असतो. शेताला पाणी देताना मुख्य पाइप कितीही मोठा असला तरी मधला एक व्हॉल्व्ह अर्धा बंद असेल, तर शेवटच्या वाफ्याला पाणी कमीच पोचते.

जुन्या संगणकात अडचण अशी की जवळजवळ प्रत्येक टप्पा थोडा अरुंद असतो. म्हणून अंदाजाने एखादा भाग बदलण्याऐवजी प्रत्येक टप्पा वेगळा मोजणे फायद्याचे ठरते.

पहिली तपासणी: जोडणी किती वेगावर ठरली आहे?

केबल लावताच कार्ड आणि स्विच एकमेकांशी बोलून वेग ठरवतात. हा ठरलेला वेग पाहणे ही सर्वांत सोपी तपासणी आहे.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधील नेटवर्क विभागात ‘चेंज अडॅप्टर सेटिंग्ज’ उघडावे. तिथल्या ‘इथरनेट’ किंवा ‘लोकल एरिया कनेक्शन’ या चिन्हावर दोनदा क्लिक केले की ‘स्पीड’ या शब्दापुढे आकडा दिसतो. लिनक्समध्ये टर्मिनलवर ‘ईथटूल’ ही आज्ञा आणि कार्डाचे नाव दिले की वेग आणि डुप्लेक्स दोन्ही कळतात.

दिसलेल्या आकड्याचा अर्थ असा घ्यावा:

- कार्ड आणि स्विच दोन्ही गिगाबिट असून आकडा १०० एमबीपीएस दिसत असेल, तर पहिला संशय केबलवर घ्यावा.
- आकडा १० एमबीपीएस असेल, तर केबल, पोर्ट किंवा कार्डाचे सेटिंग यांपैकी काहीतरी नक्की बिघडलेले आहे.
- आकडा बरोबर असूनही कॉपी मंद असेल, तर डुप्लेक्स, ड्रायव्हर, प्रोसेसर किंवा डिस्ककडे वळावे.
- आकडा सारखा बदलत असेल किंवा जोडणी तुटून पुन्हा लागत असेल, तर कनेक्टर सैल आहे किंवा पोर्ट खराब झाले आहे.

केबल: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित भाग

नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, म्हणजे कनेक्टरमधल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. त्यामुळे उरलेल्या चारपैकी एक तार जरी तुटली किंवा क्रिम्पिंगमध्ये नीट दाबली गेली नाही, तरी नेटवर्क चालू राहते, पण वेग हजारावरून शंभरावर येतो. ‘नेट तर चालू आहे’ म्हणून केबलकडे कुणी पाहत नाही.

दुसरी नेहमीची चूक तारांच्या क्रमाची असते. दोन्ही टोकांना क्रम सारखा ठेवला की काम भागते, असे अनेकांना वाटते. पण प्रत्येक जोडीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात त्या बाहेरचा विद्युत गोंगाट रद्द व्हावा म्हणून. एका सिग्नलच्या दोन तारा दोन वेगळ्या जोड्यांतून घेतल्या तर हा फायदा जातो. साध्या दिव्याच्या टेस्टरवर अशी केबल बरोबर दिसते, पण प्रत्यक्षात डेटा चुकत जातो. प्रचलित क्रम असा आहे: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, हे विशेष लक्षात ठेवावे.

केबलची आणखी काही पथ्ये:

- तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. त्यापुढे मध्ये स्विच घालावा किंवा फायबर वापरावे.
- गिगाबिटसाठी किमान कॅट ५ई दर्जाची केबल घ्यावी.
- स्वस्त केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा फक्त मुलामा असतो. ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर सिग्नल कमजोर करते. खरेदी करताना शुद्ध तांब्याची केबल मागावी.
- केबल विजेच्या वायरिंगला चिकटून किंवा ट्यूबलाइटच्या चोकजवळून नेऊ नये.

तपासणीसाठी खर्च लागत नाही. दुसऱ्या, वेगाने चालणाऱ्या संगणकाची केबल काढून या संगणकाला लावावी. वेग सुधारला तर दोष जुन्या केबलचा किंवा ती ज्या स्विच पोर्टला लावली होती त्या पोर्टचा. सुधारला नाही तर केबल निर्दोष धरून पुढे जावे.

डुप्लेक्सची गफलत

डेटा एकाच वेळी दोन्ही दिशांनी जाऊ शकत असेल तर त्याला फुल डुप्लेक्स म्हणतात आणि पाळीपाळीने जात असेल तर हाफ डुप्लेक्स. पहिला प्रकार टेलिफोनसारखा आहे, दुसरा वॉकीटॉकीसारखा.

दोन्ही टोके ‘ऑटो’वर असतील तर ती आपसात बोलून योग्य पद्धत निवडतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा कुणीतरी पूर्वी कधीतरी एका टोकाला ‘१०० फुल’ असे पक्के करून ठेवलेले असते. तसे केले की ते टोक बोलणी करणे थांबवते. ऑटोवर असलेल्या दुसऱ्या टोकाला सिग्नलवरून वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, म्हणून नियमानुसार ते हाफ धरते. आता एक टोक हवे तेव्हा बोलते आणि दुसरे त्याला टक्कर समजून थांबते. पाकिटे वाया जातात, पुन्हा पाठवावी लागतात.

या दोषाची खूण ठरलेली आहे. पिंग व्यवस्थित येते, छोटी वेबपाने उघडतात, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की वेग कोसळतो. अनेकदा एका दिशेने कॉपी ठीक चालते आणि उलट दिशेने रखडते.

उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ हा पर्याय ‘ऑटो निगोशिएशन’वर ठेवावा. स्विचवर सेटिंग करता येत असेल तर तिथेही ऑटोच ठेवावे. तांब्याच्या केबलवरील गिगाबिट जोडणीत ही बोलणी बंधनकारकच आहेत, त्यामुळे तिथे वेग पक्का करण्याचा प्रयत्न करू नये.

नेटवर्कमध्ये स्विचऐवजी जुना हब शिल्लक असेल तर तोही बदलावा. हबवर सगळे संगणक एकच वाट पाळीपाळीने वापरतात आणि ती हाफ डुप्लेक्सच असते.

कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे?

जुन्या संगणकात गिगाबिट कार्ड बसवूनही पूर्ण वेग न मिळण्याचे कारण कधीकधी स्लॉट असतो. १९९० च्या दशकात रुळलेल्या पीसीआय बसची क्षमता कागदावर सेकंदाला १३३ मेगाबाइट आहे आणि ती सर्व पीसीआय कार्डांमध्ये वाटली जाते. गिगाबिट कार्डाला एका दिशेनेच सेकंदाला १२५ मेगाबाइट लागू शकतात. साउंड कार्ड किंवा डिस्क कंट्रोलर त्याच बसवर असेल तर भागणे शक्य नाही. म्हणून पीसीआय स्लॉटमधले गिगाबिट कार्ड पूर्ण गिगाबिट देत नाही, तरीही १०० एमबीपीएसच्या कार्डापेक्षा कितीतरी पुढे असते.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये ही अडचण नाही. तिच्या सर्वांत छोट्या स्लॉटला पहिल्या पिढीतही प्रत्येक दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट मिळतात आणि ते त्या स्लॉटचे स्वतःचे असतात. स्लॉट ओळखणे सोपे आहे. पीसीआय स्लॉट सहसा पांढरा आणि लांब असतो, तर पीसीआय एक्सप्रेसचा सर्वांत छोटा स्लॉट सुमारे अडीच सेंटिमीटरचा असतो.

लॅपटॉपला यूएसबीतून नेटवर्क जोडणाऱ्या अडॅप्टरचीही मर्यादा अशीच आहे. यूएसबी २.० चा कागदी वेग ४८० एमबीपीएस आहे आणि प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट मिळतात. त्याहून जुन्या यूएसबी १.१ पोर्टमध्ये तोच अडॅप्टर लावला तर सगळी वाट १२ एमबीपीएसची होते.

प्रोसेसर आणि ड्रायव्हर

गिगाबिट जोडणीवर पूर्ण आकाराची पाकिटे सेकंदाला सुमारे ८१,००० येऊ शकतात, १०० एमबीपीएसवर सुमारे ८,१००. प्रत्येक पाकिटासाठी प्रोसेसरला थांबवून सूचना दिली तर जुना प्रोसेसर त्यातच अडकून पडतो. चांगले कार्ड अनेक पाकिटे जमवून एकदाच सूचना देते आणि तपासणीची बेरीज स्वतःच करते. स्वस्त कार्ड ही कामे प्रोसेसरवर ढकलते.

रिअलटेकची आरटीएल ८१३९ ही चिप याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. एकेकाळी स्वस्त १०० एमबीपीएस कार्डांमध्ये ती सर्रास असे. आलेला डेटा ती एका सलग बफरमध्ये टाकते आणि तिथून तो योग्य जागी उचलून ठेवण्याचे काम प्रोसेसरला करावे लागते. चिप विश्वासू आहे, पण पेंटियमच्या काळातल्या संगणकावर ती प्रोसेसरचा बराच वेळ खाते.

तपासण्यासाठी मोठी फाइल कॉपी करताना टास्क मॅनेजर उघडा ठेवावा. प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांना टेकला असेल आणि नेटवर्क मात्र भरलेले नसेल, तर अडथळा प्रोसेसरमध्ये आहे. अशा वेळी पुढील गोष्टी एकेक करून पाहाव्यात:

- कार्डाच्या किंवा मदरबोर्डच्या उत्पादकाचा ड्रायव्हर बसवावा. विंडोज स्वतः बसवते तो सर्वसाधारण ड्रायव्हर कधी पुरेसा असतो, कधी नसतो.
- ‘इंटरप्ट मॉडरेशन’ हा पर्याय असेल तर तो चालू ठेवावा.
- ‘लार्ज सेंड ऑफलोड’ आणि ‘चेकसम ऑफलोड’ हे पर्याय सहसा चालू असावेत. काही जुन्या चिपमध्ये मात्र त्यांचीच अडचण होते. म्हणून एकदा बंद करून मोजावे आणि फरक पडला नाही तर पुन्हा चालू करावे.
- ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ किंवा ‘ग्रीन इथरनेट’ बंद करून पाहावे. जुन्या स्विचशी या वीजबचतीचे जमले नाही तर जोडणी अधूनमधून तुटते.
- ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची दिलेली परवानगी काढून टाकावी.
- ‘जंबो फ्रेम’ हा पर्याय बंदच ठेवावा. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला तो जमत असेल तरच त्याचा उपयोग होतो, आणि जुन्या नेटवर्कमध्ये तसे क्वचितच असते.

नेटवर्क ठीक, डिस्क मंद

कॉपीचा वेग पाहून नेटवर्कचा न्याय करण्यात एक धोका आहे. कॉपीमध्ये दोन्हीकडच्या डिस्कही मोजल्या जातात. म्हणून फक्त नेटवर्क मोजणारे ‘आयपर्फ ३’ हे मोफत साधन वापरावे. ते एका संगणकावर सर्व्हर म्हणून आणि दुसऱ्यावर क्लायंट म्हणून चालवतात. डेटा मेमरीतून मेमरीत जातो आणि डिस्कला हातही लागत नाही. निरोगी १०० एमबीपीएस जोडणीवर ते साधारण ९४ आणि गिगाबिटवर साधारण ९४० एमबीपीएस दाखवते.

आयपर्फमध्ये आकडा चांगला आणि कॉपी मंद, असे असेल तर दोष नेटवर्कचा नाही. मग पुढील शक्यता पाहाव्यात.

पहिली, डिस्क थकलेली असणे. तिची स्मार्ट माहिती पाहावी आणि आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत घ्यावी. दुसरी, जुन्या आयडीई डिस्कचा पीआयओ मोड. विंडोज एक्सपीमध्ये डिस्कच्या केबलवर वारंवार चुका आल्या की डिस्क आपोआप या मंद मोडमध्ये ढकलली जाते आणि केबल बदलल्यावरही आपणहून परत येत नाही. वेग सेकंदाला काही मेगाबाइटवर येतो, प्रोसेसर भरून वाहतो आणि दिसते मात्र नेटवर्क मंद झाल्यासारखे. तिसरी, अँटिव्हायरस. तो येणारी प्रत्येक फाइल तपासत असेल तर हजारो छोट्या फाइलींच्या कॉपीला फार वेळ लागतो. अशा वेळी अँटिव्हायरस बंद न करता छोट्या फाइलींची एक झिप फाइल करून पाठवावी.

आणखी एक गोष्ट वेगळी ओळखावी. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी संपली की संगणकाची तारीख मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि पाने उघडत नाहीत. ‘नेट गेले’ अशी तक्रार येते, पण दुरुस्ती एका छोट्या बॅटरीची असते.

वाय-फाय असेल तर

जुन्या लॅपटॉपमधील वाय-फाय कार्ड ८०२.११जी प्रकारचे असेल तर त्यावर छापलेला वेग ५४ एमबीपीएस असतो आणि हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. वाय-फाय मुळातच हाफ डुप्लेक्स आहे. एका वेळी एकच यंत्र बोलते. एखादे जुने यंत्र सावकाश बोलत असेल तर बाकीच्यांनाही थांबावे लागते. मातीच्या किंवा दगडी जाड भिंतींतून सिग्नल आणखी घटतो. जागेवर राहणाऱ्या संगणकाला केबल लावणे हाच त्यावरचा खरा उपाय.

वऱ्हाडचा उन्हाळा, धूळ आणि वीज

अमरावती-अकोला भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि नेटवर्कची गतीही त्याबरोबर घटते. सकाळी ठीक आणि दुपारी मंद अशी तक्रार असेल तर आधी पंखा आणि हीटसिंक साफ करावे. छोट्या स्विच आणि राउटरच्या अडॅप्टरमधील कपॅसिटरही उष्णतेने लवकर निकामी होतात. फुगलेला कपॅसिटर किंवा वारंवार आपोआप चालू-बंद होणारा स्विच ही त्याची खूण.

पावसाळ्यात धोका विजेचा असतो. एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून नेलेली तांब्याची केबल जवळपास पडलेल्या विजेचा झटका थेट पोर्टपर्यंत आणते. प्रत्येक वेळी कार्ड पूर्ण जळतेच असे नाही. कधी ते अर्धे जगते, म्हणजे जोडणी १० एमबीपीएसवरच लागते किंवा चुकांचे प्रमाण वाढते. पहिल्या वळिवानंतर वेग उतरला असेल तर ही शक्यता आधी तपासावी. दोन इमारतींमध्ये फायबर टाकणे, चांगले अर्थिंग करणे आणि गडगडाट सुरू झाल्यावर केबल काढून ठेवणे हे त्यावरचे उपाय. फायबरमधून विजेचा प्रवाह जात नाही, हा त्याचा वेगापेक्षाही मोठा फायदा.

तपासणीचा क्रम

१. जोडणी किती वेगावर ठरली आहे ते पाहावे आणि लिहून ठेवावे.
२. केबल आणि स्विचचे पोर्ट बदलून पुन्हा पाहावे.
३. दोन्ही टोके ऑटोवर आहेत का ते तपासावे.
४. राउटरला सलग शंभर पिंग पाठवावेत. केबलवर उत्तर साधारण एक मिलिसेकंदाच्या आसपास यावे आणि एकही पाकीट हरवू नये.
५. आयपर्फने दोन्ही दिशांचा वेग मोजावा.
६. कॉपी करताना प्रोसेसर आणि डिस्कचा वापर पाहावा.
७. त्यानंतरच ड्रायव्हर आणि कार्डाची सेटिंग्ज बदलावीत.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच मोजावे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर वेग सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही आणि बिघडला तर परतीची वाट सापडत नाही. आकड्यांची नोंद वहीत ठेवली तर पुढच्या वेळी निम्मा वेळ वाचतो.

कार्ड बदलावे की संगणक?

वरील तपासणीत केबल, स्विच आणि सेटिंग निर्दोष ठरले आणि कार्ड १०० एमबीपीएसचे किंवा अर्धवट जळलेले निघाले, तर मोकळ्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये नवे गिगाबिट कार्ड बसवावे. साधे कार्ड सहसा हजार रुपयांच्या आत मिळते. मदरबोर्डवरचे जुने पोर्ट बायोसमधून बंद करून टाकावे, म्हणजे दोन कार्डांचा गोंधळ होत नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर अनेक जुन्या संगणकांत नव्या नेटवर्क कार्डापेक्षाही जास्त फरक जाणवतो.

संगणक बदलण्याचे खरे कारण बहुधा वेग नसून सुरक्षितता असते. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज एक्सपी व ७ ची त्याआधीच संपली होती. जुन्या विंडोजशी फाइली वाटता याव्यात म्हणून नव्या संगणकावर एसएमबी १ ही जुनी पद्धत चालू करण्याचा सल्ला दिला जातो. तो टाळावा. २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम याच पद्धतीतल्या त्रुटीतून पसरला होता. जुना संगणक हलक्या लिनक्सवर चालवणे किंवा इंटरनेटपासून तोडून फक्त स्कॅनरसाठी ठेवणे हे दोन चांगले मध्यममार्ग आहेत. दुसऱ्या मार्गात फाइली पेनड्राइव्हने हलवाव्या लागतात, पण स्कॅनरचा जुना ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नसेल तर तोच सोयीचा ठरतो.

दहा-पंधरा वर्षांचा संगणक आजच्या यंत्राइतका वेगवान होणार नाही. पण त्याच्या क्षमतेइतका वेग तरी त्याने द्यायला हवा, आणि बहुतेक वेळा त्यासाठी एक चांगली केबल, एक योग्य सेटिंग आणि तासाभराची शांत तपासणी पुरते. नव्या खरेदीचा निर्णय त्या तपासणीनंतर घेतला, तर पैसे ज्या टप्प्यावर खरोखर अडथळा आहे तिथेच खर्च होतात.